कोटाचे उरलेले तुकडे

त्या गल्लीत मास्तर म्हटलं की शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. कोपऱ्यावर त्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर. दुकानात चपला बाहेर काढूनच शिरायचं. कापलेलं कापड पायाखाली येता कामा नये, आणि एका गिऱ्हाइकाचा धागा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कपड्याला चिकटलेला तर मुळीच चालायचा नाही. रस्त्यात कुणी केळ्याची साल टाकली तरी मास्तर गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर येत आणि त्याला परत बोलावून ती उचलायला लावत. नाकाने कांदे सोलतो, पण हातात कसब आहे हो, असं लोक म्हणत. धाकही होता आणि मानही होता. मास्तरांना दोन्ही आवडायचं.

कुत्रं त्यांचं नव्हतं. म्हणजे मुलीचं होतं. मुलीला लांबच्या गावी नोकरी लागली, तिकडच्या घरात कुत्र्याला परवानगी नव्हती, म्हणून ती त्याला बापाच्या गळ्यात बांधून गेली. पांढरं, बुटकं, म्हातारं जनावर. एका डोळ्याभोवती काळा डाग, म्हणून त्याचं नाव ठिगळ्या. मुलगी होती तोवर तीच त्याला फिरवायची आणि खिशातल्या पिशवीत त्याची घाण उचलून आणायची. जाताना पिशव्यांचं एक भेंडोळं ठेवून गेली. ते संपलं. दुकानात जाऊन नवं मागायचं तर चारचौघांत सांगावं लागणार की कशासाठी हवंय, आणि मास्तरांची जीभ काही रेटेना.

पिशवी मिळाली असती तरी मास्तर रस्त्यात वाकले असते की नाही, शंकाच आहे. तसे ते दिवसभर लोकांच्या पायाशीच बसत. पँटची उंची काय उभ्याने घेता येते? पण ते काम. कुत्र्यामागे हात घालून रस्त्यात वाकलेले मास्तर कुणी बघायचे, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. म्हणून उजाडायच्या आत ते ठिगळ्याला शेजारच्या बोळात नेत, तो उरकला की इकडेतिकडे बघत आणि निघून येत.

एके दिवशी समोरचे घरमालक नवे बूट घालून त्या बोळातून गेले. पुढचं सांगायला नको. त्यांनी जो आरडाओरडा केला तो सगळ्या गल्लीने ऐकला. मास्तरांनीही ऐकला, आणि त्या दिवसापासून ते घाण उचलू लागले. ही सुधारणाच म्हणायची. फक्त उचलायची कशात? शिंप्याला चिंध्यांचा काय तोटा. कापणीच्या टेबलाखाली कतरणांचं पोतं भरलेलंच असे. सकाळी जाताना मास्तर जुन्या जाकिटाच्या खिशात दोनचार तुकडे कोंबत. आणि टाकायची कुठे? त्यांचा डबा दुकानाच्या दाराशी, गिऱ्हाइकांच्या नाकासमोर. तिथे कशी टाकणार? बोळात मात्र शेजारच्या सिस्टरच्या मागच्या फाटकाशी त्यांचा डबा असे. झाकण उचललं, टाकलं, संपलं.

सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. नवरा वर्षभरापूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. मास्तरांची बायको आजारी होती तेव्हा याच सिस्टर रोज येऊन तिचं अंग पुसून देत, तिची पाठ बघत, आणि निघताना चहासुद्धा नको म्हणत. हे मास्तर विसरले नव्हते. तरी झाकण उचलताना ते मनाशी म्हणायचे, बाईंनी जन्मभर हेच तर केलंय, त्यांना कसला वास येतोय. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की कुठल्या थराला जातो बघा.

उन्हाचे दिवस आले आणि डबा बोलू लागला. वास बोळ ओलांडून घरमालकांच्या स्वयंपाकघरात शिरला. कचरागाडीवाल्यांनी सिस्टरना दोन शब्द सुनावले. सिस्टर एवढंच म्हणाल्या की कुणीतरी टाकतं. कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही कुणाला वाटली नाही, कारण गल्लीने आरोपी आधीच ठरवला होता. घरमालकांच्या माडीवरच्या खोलीत एक भाडेकरू होता. रुग्णवाहिका चालवायचा. वाऱ्याने उडेल असा किडकिडीत, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचं कुत्रं मात्र वासराएवढं. तो वेळीअवेळी कामावरून यायचा आणि त्याला फिरवायचा. लोकांना तो कुत्र्यामागून जाताना दिसे, वाकताना कधी दिसला नव्हता. वाकताना दिसायला कुणीतरी नीट बघायला हवं.

सिस्टरनी त्याच सुमारास नवऱ्याचा कोट मास्तरांकडे दिला होता. राखी रंगाचा, आत बारीक तांबडी रेघ. माझ्या मापाचा करून द्या म्हणाल्या. मास्तरांनी तो मन लावून केला, खांदे उतरवले, बाजू आत घेतल्या, आणि सिस्टर तो घेऊनही गेल्या. काही दिवसांनी त्या पुन्हा दुकानात आल्या तेव्हा मास्तर घरमालकांच्या नव्या पँटची उंची बघत जमिनीवर बसले होते. बदामी रंगाची, छान कापडाची पँट. सिस्टर बाकावर बसल्या आणि त्यांनी विचारलं की कोटातून निघालेले तुकडे आहेत का, असले तर हवे होते.

"काही उरलं नाही हो सिस्टर," मास्तर म्हणाले. "उरलं असतं तर तुम्हाला दिलं नसतं का?"

सिस्टरनी मान हलवली. त्या लगेच उठल्या नाहीत, बसून राहिल्या. मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या आणि मान खाली घालून पँटची घडी दुमडली. वर घरमालकांचं सुरूच होतं. पैलवानाला खोली खाली करायला सांगणार आहे, वास सहन होत नाही, बायको डोकं खाते आहे. पण उगाच एखाद्यावर आळ नको, म्हणून चार जाणत्या माणसांना विचारतो आहे. तुम्ही बोळाच्या तोंडाशीच राहता, मास्तर, तुमचं काय म्हणणं?

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. गप्प बसायला याहून चांगलं निमित्त माणसाला मिळत नाही. नुसतं हूं केलं असतं तरी भागलं असतं. पण मास्तरांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली, आणि म्हणाले, "मोठं कुत्रं, मोठी घाण. त्यात विचारायचं काय?"

घरमालक हसले. झालं, म्हणाले, तुम्ही म्हणताय म्हणजे संपलं. मशीनखाली ठिगळ्या झोपला होता. सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, आणि चपला घालून निघून गेल्या.

पैलवानाला आठवड्याची मुदत मिळाली. त्याने भांडण केलं नाही. मी उचलतो काका, एवढंच म्हणाला, आणि काका म्हणाले की उचलतोस तर मग वास काय आकाशातून पडतो? वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि कढई धरणारे मास्तर मान खाली घालून काजं करत बसले होते. पैलवान दुकानावरून गेला की त्यांची सुई हटकून बोटात जायची.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी सिस्टर परत आल्या. या वेळी हातात कोट होता आणि कागदाची एक पुडी. त्यांनी पुडी कापणीच्या टेबलावर उघडली. आत राखी कापडाचे चार तुकडे होते, तांबड्या रेघेचे. धुतलेले, इस्त्री केलेले, एकावर एक ठेवलेले.

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. आपल्या हातची कापणी ओळखायला शिंप्याला वेळ लागत नाही, तेवढं कळलं. मग ते कुठून आले असतील ते कळलं, आणि ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. या बाईंनी आपला डबा उघडून, हात घालून, एकेक गाठोडं सोडवून नवऱ्याच्या कोटाचे तुकडे वेगळे काढले होते. नळाखाली धरले होते. किती वेळा धुतले असतील, कोण जाणे.

"याचा आतून एक खिसा करून द्या," सिस्टर म्हणाल्या. "बाजू आत घेताना तुम्ही जुना काढलात. यांचा चष्मा असायचा त्यात."

"सिस्टर..."

"पहिला तुकडा सापडला तेव्हा वाटलं, चुकून गेला असेल. म्हणून विचारायला आले होते. तुम्ही सांगाल असं वाटलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, इस्पितळात सवय झालेला. "मी कुणाला बोलले नाही. पण तो मुलगा उद्या जातोय."

मास्तर तसेच दुकान उघडं टाकून समोर गेले. घरमालक ओसरीत बसले होते. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, ते माझं कुत्रं, मीच टाकत होतो, पैलवानाचा काही संबंध नाही. वाटलं, आता हा माणूस ओरडेल, गल्ली गोळा होईल. घरमालक मात्र उठले आणि त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, मास्तर, तुमचं मन मोठं, एका पोराची खोली जाऊ नये म्हणून तुम्ही स्वतःवर घ्यायला निघालात. पण मी काय तुम्हाला ओळखत नाही? केळ्याची साल चालत नाही तुम्हाला. आतून मालकीणबाईही म्हणाल्या की अशी माणसं आता राहिली नाहीत.

शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. जन्मभर कमावलेलं नाव असं आडवं आलं होतं. मास्तर सिस्टरच्या दारात गेले आणि म्हणाले की ते तुकडे घेऊन एकदा समोर चला, माझं कुणी खरं मानत नाही.

"धुतलेत ना मी ते," सिस्टर म्हणाल्या. "आता ते नुसतं कापड आहे. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवानाने सामान खाली आणलं होतं आणि तो हातगाडीवर गादी बांधत होता. त्याचं कुत्रं चाकाला टेकून बसलं होतं. शाळेची मुलं, कामावर निघालेली माणसं, दूधवाला, गल्ली सगळी जागी. घरमालक बदामी पँट घालून चहाचा कप हातात घेऊन दारात उभे. मास्तर उजाडून एवढा वेळ झाल्यावर पहिल्यांदाच ठिगळ्याला घेऊन बाहेर पडले. घरमालकांना म्हणाले, कालचं खोटं वाटलं ना, मग जरा इथेच थांबा आणि बघा.

त्यांनी दोरी सैल सोडली. ठिगळ्याने कुणाकडे पाहिलं नाही. तो सरळ बोळात वळला, सिस्टरच्या फाटकापाशी गेला, गोल फिरला आणि बसला. उरकल्यावर डब्याजवळ जाऊन उभा राहिला आणि झाकणाकडे बघत बसला, कारण त्याच्या हिशेबाने आता तेच व्हायचं होतं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

मास्तरांनी आज रद्दीचा कागद मुद्दाम बरोबर घेतला होता, बगलेत होता. पण वाकताना हात सवयीने जाकिटाच्या खिशात गेला आणि एक तुकडा घेऊन बाहेर आला. चांगला तळहाताएवढा, बदामी.

घरमालक दोन पावलं पुढे आले. त्यांनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं.

"हे माझ्या पँटचं," ते हळूच म्हणाले.

"हो," मास्तर म्हणाले. "तुमचंच."

आता कुणी हसलं नाही. घरमालक कप तसाच घेऊन पैलवानाकडे गेले आणि म्हणाले की सामान वर ने बाबा. पैलवानाने गादीची गाठ तशीच ठेवली. बघतो काका, म्हणाला. हो म्हणाला नाही. मग त्याने स्वतःच्या खिशातून पिशवी काढली आणि बोळात आला. मास्तर अजून अर्धवट वाकलेले, तुकडा हातात, उचलावं की खिशात घालावं ते न सुचलेले.

"हे घ्या, मास्तर," पैलवान म्हणाला. "कापड नको. आणि गुडघ्यातून वाका, नाहीतर कंबर धरेल."

त्याने रागाने म्हटलं असतं तर मास्तरांनी वर पाहिलं असतं. तो तसं म्हणाला नाही, म्हणून त्यांना पाहता आलं नाही. ते गुडघ्यातून वाकले, उचललं, पिशवीला गाठ मारली, आणि सगळ्या गल्लीसमोरून ती हातात धरून आपल्या दुकानाच्या दाराशी आले. स्वतःच्या डब्याचं झाकण त्यांनी उचललं. गिऱ्हाईक एक बाई पायरीवर उभी होती, ती जरा बाजूला सरकली.

त्या दिवशी त्यांनी पहिलं काम सिस्टरच्या कोटाचं घेतलं. पुडी उघडली, तुकडे टेबलावर मांडले. खिशाला चारही लागणार होते, जोड देऊनच करावा लागणार होता. एक तुकडा उचलून त्यांनी नाकाशी नेला. साबणाचा वास होता, दुसरा कसलाच नाही. मास्तरांनी तो खाली ठेवला, मागे जाऊन पुन्हा एकदा हात धुतले, पुसले, आणि मगच सुईत दोरा ओवला.