विहिरीच्या पाईपात भरलेली हवा

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरसुद्धा नाही — देवासमोर हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि सांगतानाही भेव वाटतेच हो.

गोष्ट एका पाईपाची आहे. हसू नका.

मी सिंदी मेघेला राहतो, वर्ध्याला एका कचेरीत कारकून आहे. घरामागं टिनाचं शेड आहे, सुट्टीच्या दिवशी तिथं लाकूडकाम करतो — स्टूल, देव्हारे, पोरीचं टेबल. रंगाचा फवारा मारायला आणि भुसा उडवायला मी एक कॉम्प्रेसर घेतला. टाकी एका कोपऱ्यात, काम दुसऱ्या कोपऱ्यात. मध्ये हवा न्यायची कशातून? रबरी नळी पायात येते. लोखंडी पाईप म्हटला की आटे पाडा, पाना फिरवा, वरून गंज. मग मला विलास आठवला. विलास म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा नवरा. वडनेरला शेती करतो. त्यानं विहिरीवरून गोठ्यापर्यंत पाणी नेलं होतं, त्यातले उरलेले पीव्हीसी पाईप त्याच्या माळ्यावर पडून होते. तेच आणले.

आमच्याकडं या पाईपावर घरच्या माणसाइतका विश्वास. सोल्युशन लावलं, जोडला, मोटार सुरू केली — वर्षानुवर्षं पाणी धावतं. पाईपावर किती प्रेशर सहन करतो ते छापलेलंच असतं. मी ते वाचलं, कॉम्प्रेसरवरचा आकडा बघितला, तो कमी होता. झालं! तो छापलेला आकडा पाण्याचा आहे, हवेचा नाही — हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही.

विचारणार कसा? सासरी मी मोठा जावई. शिकलेला, शहरातला. घरात काही यंत्र आणायचं झालं की सासरे म्हणणार, मोठ्या जावयाले इचारा. विलासनं घराला लागून छोटंसं दुकान टाकलं होतं, ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायची, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. तो बिचारा लोखंडी पाईप टाकणार होता. मी सगळ्यांसमोर त्याला हसलो. म्हणालो, "अबे, गंजून जाईन ते! पाणी सहन करते, तर हवा काऊन नाई करन?" सगळे हसले, विलासही हसला. मग मीच त्याच्या भिंतीवर माझ्या हातानं पीव्हीसी बसवून दिला. दसऱ्याला पूजा केली तेव्हा नारळही माझ्याच हातून फोडवला. काय ऐट होती माझी त्या दिवशी, बाप्पा!

पुढच्या मे महिन्यात माझा पाईप फुटला.

दुपार होती. शेडचं टिन तापलेलं. मी पाणी प्यायला घरात आलो आणि मागं असा आवाज झाला की शेजारी ट्रान्सफॉर्मर उडाला समजून बाहेर आले. शेडमध्ये जाऊन बघतो तर भिंतीवर पाईपच नाही. त्याचे तुकडे झाले होते, सुरीसारखे लांब, धारदार. प्लायवूडच्या दारात रुतले होते, माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर. पक्कडीनं ओढून काढले. पाण्याचा पाईप तडकतो तेव्हा पाणी ठिबकतं, जमीन ओली होते, बस. हवा तशी नसते. ती दबून बसलेली असते, आणि वाट मिळाली की पाईपालाच सोबत घेऊन निघते. हे मला त्या दारासमोर उभं राहून कळलं.

शेजाऱ्यांना म्हणालो, कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. संध्याकाळपर्यंत जाड रबरी नळी आणून लावली. बायकोनं विचारलं, काऊन बदलवला? म्हटलं, नळी कुठंही नेता येते, सोयीची आहे.

आणि वडनेरला? एक फोन. बस, एकच. "विलास, तो पाईप काढून टाक." इतकं बोलायला काय लागतं? मी खूपदा शोधलं, मला काय आड आलं ते. काही मोठं सापडत नाही हो. त्याला हसलो होतो, आता तो मला हसेल — इतकंच. मोठ्या जावयाचं नाक! फोन लावायचो, पिकापाण्याचं विचारायचो, कुंदाची तब्येत विचारायचो आणि ठेवून द्यायचो.

एकदा रबरी नळीचं भेंडोळं पिशवीत घालून एसटीत बसलो. हिंगणघाटला उतरलो, पुढची गाडी लागलेली होती. स्टँडवर चहा घेतला. काय सांगू त्याला? का बदलवतो म्हणू? गाडी सुटली, मी बसूनच. मग वर्ध्याची गाडी धरून परत आलो. ते भेंडोळं मी पलंगाखाली सरकवून ठेवलं, बायकोला दिसू नये म्हणून.

तेव्हापासून जे भेव अंगात शिरलं ते गेलंच नाही. रस्त्यात टायर फुटला की घाम फुटायचा. उन्ह वाढलं की मी वडनेरच्या त्या भिंतीचा विचार करायचो — किती तापली असेल, पाईप किती कमजोर झाला असेल. विलासचा फोन आला की आधी बायकोच्या हातात द्यायचो आणि तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. ती हसली की माझा जीव भांड्यात पडायचा. घाबरत होतो, रोज घाबरत होतो, पण सांगत नव्हतो. असं कसं असतं माणूस? मलाच कळत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो फोन आला. बायको हसली नाही. खाली बसली.

कुंदा दुकानात तिच्या नेहमीच्या जागेवर, भिंतीजवळ बसली होती. पाईप तिच्या डोक्याच्या वरच फुटला. तिचा उजवा डोळा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात विलास मला धरून रडला. म्हणाला, "म्याच केलं भाऊ. टायरसाठी काल म्याच प्रेशर वाढवलं व्हतं." तेवढ्यात सासरे आले. सगळे जमलेले. ते मला म्हणाले, "जावईबापू, तुमीच सांगा, कायनं झालं हे?"

पाईपाचं नाव कोणी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी काय केलं असतं? खोटंच बोललो असतो. मी म्हणालो, "प्रेशर जास्त झालं असन."

विलासनं मान खाली घातली. ती अजून वर आलेली नाही. दुकान त्यानं बंद केलं, कॉम्प्रेसर विकला. सासरे त्याच्याशी धड बोलत नाहीत. तो स्वतःच लोकांना सांगतो, माह्या चुकीनं माह्या बायकोचा डोळा गेला. माझ्यासमोरही सांगतो. मी ऐकून घेतो.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. इथपर्यंतचं तर मी मनातल्या मनात खूपदा बोललोय. पुढचं तेवढं नाही.

त्या उन्हाळ्याच्या आधीची दिवाळी. आम्ही वडनेरला गेलतो. माझी पोरगी विलासच्या दुकानात जाऊन बसली, भिंतीला टेकून, बरोबर पाईपाखाली. विलासनं नुकताच कॉम्प्रेसर सुरू केला होता, टाकी भरून राह्यली होती. मी जवळजवळ धावतच गेलो आणि तिला हाताला धरून उठवलं. इथं नको बसू, म्हटलं, धूळ आहे, कपडे खराब होतील.

पोरगी कुरकुरत उठली. मागून कुंदा मेथी आणि ताट घेऊन आली.

"भाऊजी, मी बसू का तिथं? दारातून वारा मस्त येते."

माझ्या पोरीचा हात माझ्या हातात होता. मी वर पाईपाकडं बघितलं. मग कुंदाकडं बघितलं.

म्हणालो, "बस ना."