मागाच्या खड्ड्यातला शिपाई

त्याने पोरीला मारलं तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होते.

पोरगी वहीतली होती, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. पण राग मला खऱ्यासारखाच आला. रविवारची दुपार, अंगणात ऊन, तो, माझा भाडेकरू, पायरीवर पाठ ताठ करून बसलेला आणि मांडीवर पोरांची असते तशी चाररेघी वही. त्याच्या गोष्टीत एका शिपायाला शहराच्या भिंतीबाहेर हाकलून दिलेलं असतं. त्याला कोणी पाणी द्यायचं नाही असा हुकूम. आणि ही नऊ वर्षांची पोरगी टोपल्यात सूत गुंडाळलेल्या कांड्यांखाली बाटली लपवून रोज त्याला पाणी नेऊन देते. दोन वर्षं दर रविवारी मी त्या पोरीच्या मागे चालत होते. आणि त्याने आवाज न बदलता एका ओळीत वाचलं की पहाऱ्यावरच्या माणसाने गोळी झाडली, टोपलं आडवं झालं आणि कांड्या घरंगळत गेल्या.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं शिपाईही मरते. मग संपलं."

"पोरीले काहून मारलं गा?"

"लढाई आहे, मावशी. लढाईत मरतेच."

मी सूप खाली ठेवलं. "उद्याच्या उद्या माही खोली खाली कर."

तो उठला, वही मिटली, टाचा जुळवल्या. "परमिशन आहे का, सामान संध्याकाळी काढाले? सकाळी ड्युटी आहे."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं, तुम्हीच सांगा.

"परमिशन आहे का" हे त्याच्या तोंडातून दिवसातून वीस वेळा निघायचं. आंघोळीला जायला परमिशन, दोरीवर टॉवेल टाकायला परमिशन, फाटक लावून घ्यायला परमिशन. दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर तीनदा वाजवायचा आणि बस म्हटल्याशिवाय बसायचा नाही. एकदा मी चुलीपुढे बसले होते आणि माझ्या पायाशी विंचू निघाला. हा दारात उभा. "परमिशन आहे का, मावशी, चप्पल उचलाले?" मी म्हटलं, मेल्या, आधी मार, मग विचार. त्याने विंचू मारला, चप्पल धुऊन जागेवर ठेवली आणि जायची परवानगी मागितली.

अंगणातल्या चपला तो ओळीने लावायचा. माझ्या, मुलाच्या, सुनेच्या, आल्यागेल्याच्या. शेजारणी हसायच्या की तुमच्या घरी चपलांची परेड असते. मी मुद्दाम माझी एक वाकडी ठेवायची. दहा मिनिटांत सरळ.

आमच्या घरात पूर्वी दोन माग होते. हातमाग तुम्ही पाहिला नसेल तर सांगते, त्याच्यापुढे जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. माझ्या नवऱ्याने त्या खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षं लुगडी विणली. तो गेला, माग लाकडाच्या भावात गेले, मुलगा कळमेश्वरला कारखान्यात लागला. एक खड्डा बुजवला. दुसरा बुजवायच्या आधी हा खोली पाहायला आला. खड्ड्याजवळ उभा राहिला, आत डोकावला आणि म्हणाला, हा असाच राहू द्या.

तिथेच बसून तो लिहायचा. पाय खड्ड्यात, वही काठावर. कळमन्याला धान्याच्या एका गोदामावर दिवसपाळीचा पहारा करायचा आणि आला की हात-पाय धुऊन खड्ड्यात. नवऱ्याच्या जागी परका माणूस बसलेला पाहून आधी मला बरं वाटलं नाही. मग म्हटलं, जागा रिकामी राहण्यापेक्षा कोणीतरी काम करून राहिला आहे, असू दे.

लिहीत होता कादंबरी. तीही आठवी-नववीच्या पोरांसाठी. मी विचारलं, मोठ्यांसाठी काहून नाही? तर म्हणाला, "मोठ्यायचं सगळं ठरून गेलं आहे, मावशी. पोरायचं ठरायचं आहे."

मी चौथी शिकलेली. मला वाचायला वेळ लागतो म्हणून तो वाचून दाखवायचा. गोष्ट पुढच्या काळातली. नद्या आटल्या आहेत, शहरांनी भिंती बांधल्या आहेत आणि पाण्यासाठी लढाई सुरू आहे. शिपायाला नाव नाही, नुसता नंबर. भिंतीखाली पाणी मागायला आलेल्या लोकांवर तो गोळी झाडत नाही, म्हणून त्याला पळपुटा ठरवून बाहेर काढतात. बरं होतं, पण तीस पानं ऐकल्यावर माझ्याने राहवेना. म्हटलं, एवढी फौज आहे, अजून एकही जण जेवला नाही. यांच्या पोळ्या कोण लाटते?

पुढच्या रविवारी त्याने चाळीस बायका पोळ्यांना बसवल्या. मान वर करून पाहिलं, आता ठीक का?

"पाणी नाही म्हणतोस," मी म्हटलं, "मग कणीक कशात भिजवली?"

त्याचा चेहरा उतरला. आठवडाभर पुन्हा लिहीत बसला. असं एकेक वाक्य त्याच्याकडून नीट करून घेताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. त्यात अक्षर असं की रेघा सोडून पळायचं. चार रेघांत धरून ठेवायला पाहायचा, तरी पळायचं. मला वाटायचं, शाळेत लक्ष दिलं नसेल.

एकदा विचारलं, मावशी, तुम्ही कांड्या केव्हापासून भरता? मी सांगितलं, नऊ वर्षांची होते तेव्हा चरख्यावर बसवलं. बोटावरून सूत जाऊन जाऊन इथे खाच पडली. त्याने खाच पाहिली. दोन रविवारांनी गोष्टीत एक पोरगी आली. नऊ वर्षांची, कांड्या भरणारी, बोटाला खाच आणि तोंडाने फटकळ. शिपायाला पाणी देते आणि वरून शिव्या देते की एवढा मोठा घोडा झाला, एक बाटली पुरत नाही का.

मी ओळखलं. त्यानंतर रविवारची भाजी मी जरा लवकर चढवायला लागले.

तर सांगायचं हे की त्या दुपारी त्याने मारलं ते मला.

आता गल्लीचं सांगते. तो नरखेडकडच्या एका गावचा. फौजेत गेला तेव्हा गावाने वाजत-गाजत एसटीत बसवून दिलं होतं. मधेच परत आला तेव्हा कोणी पाणी विचारलं नाही. पळून आला म्हणाले. आमच्या गल्लीतल्या एकीचं माहेर त्याच गावचं, त्यामुळे त्याच्या मागोमाग आठ दिवसांत ते नाव इथे पोचलं. नळावर बायका त्याला ऐकू जाईल असं भगोडा म्हणायच्या. तो बादली भरून सरळ चालत यायचा.

मी माघारी बोलणारी नाही. समोरच विचारलं, "तू पळून आला का गा?"

"लोक म्हणतात ना, मावशी."

"मी लोकायले नाही विचारलं."

"परमिशन आहे का जाले?" म्हणाला आणि गेला.

लग्नाची वरात बँड वाजवत गल्लीतून जायची तेव्हा तो खड्ड्यात उतरायचा आणि वरून फळी ओढून घ्यायचा. मी एकदाच पाहिलं. चहाचा कप काठावर ठेवला आणि आले. तेव्हाच समजायला पाहिजे होतं, पण मला वाटलं, काहीतरी सोंग असेल. मी काही फार हुशार बाई नाही.

पोरगी मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खरंच सामान बांधलं. एक पत्र्याची पेटी आणि चौकोनी घडी केलेली वळकटी. पेटीवर बसून राहिला. मी भात टाकला होता. बोलवायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलावलं. तो चौकटीवर तीनदा वाजवून आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद माझ्यापुढे धरला. इंग्रजीत होता. त्यानेच मराठीत सांगितलं, की या जवानाला मनाचा आजार आहे, नोकरीला लायक नाही, म्हणून घरी पाठवत आहोत. तेव्हा मी त्याच्या हाताकडे नीट पाहिलं. कागद हलत होता.

बर्फात तिघं होते आणि आपण एकटे परत आलो, एवढंच त्याने सांगितलं. मी पुढे विचारलं नाही.

"हे गावात काहून नाही दाखवलं?"

"बहीण लग्नाची होती, मावशी. भगोडा म्हणलं तं माह्या एकट्याचं नाव जाते. येडा म्हणलं तं घराण्यात येड आहे म्हणतेत. तिले कोणं करून घेतलं असतं?"

"झालं ना तिचं लग्न?"

"झालं. चांगलं झालं."

"मग आता सांग."

"आता तिच्या पोरायचे लग्न आहेत."

"केवढी आहेत पोरं?"

"एक चार वर्षांचा आहे. दुसरी दीडची."

माझ्या हातात भाताचा डाव होता. तो मी त्याच्या डोक्यात घातला नाही, हे माझं मलाच नवल वाटतं. त्या दीड वर्षाच्या पोरीच्या लग्नापर्यंत हा माणूस नळावरच्या शिव्या ऐकत राहणार होता. वरून वहीतल्या शिपायाला मारून मोकळा होणार आणि पाणी देणारीलाही सोबत नेणार.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. नवी नवरी होते. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, विणून संपत आला, तर मी शेवटच्या धाग्यापर्यंत कापून, ज्यातून ते ओवलेले असतात ती फणी स्वच्छ पुसून ठेवली. वाटलं, सासू शाबास म्हणेल. सासू दोन दिवस बोलली नाही. विणकराच्या घरी फणी कधी रिकामी करत नाहीत. जुन्या ताण्याचे वीतभर धागे तसेच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन सांधतात. ते कापले की हजारो धागे पुन्हा एकेक करून फणीतून ओवा. माझ्या त्या स्वच्छतेपायी नवरा आणि सासू दोन दिवस ओवत बसले होते.

"तू सगळे कापून ठेवले," मी म्हटलं. "शिपाई गेला, पोरगी गेली. आता त्या आठवीतल्या पोरानं पुढं काय सांधावं?"

त्याने पुढ्यातलं ताट सरळ केलं. मग विचारलं, "परमिशन आहे का, सामान खोलाले?"

"जेव आधी."

त्यानंतर त्याने मला वाचून दाखवलं नाही. पूर्ण झाल्यावर, म्हणायचा. कागद मात्र माझ्याकडे ठेवला. म्हणाला, खड्ड्यात ओल येते. मी तो देवाच्या फोटोमागे खोचला.

गेल्या वर्षी गावाहून त्याची आई आजारी असल्याचा फोन आला. त्याने अंगणातल्या चपला लावल्या, रविवारी येतो म्हणाला आणि एसटीने गेला. आई बरी झाली. त्यालाच ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, त्याची बहीण पेटी न्यायला आली तेव्हा. तिचा नवरा फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू ठेवून उभा होता. तो आला नाही म्हणून पंधरा दिवस मी त्याला मनात शिव्या देत होते, त्या मला परत घेता आल्या नाहीत.

बहीण दारात उभी राहून म्हणाली, "खांद्याले चौघं जमवाले लागले, मावशी. भाऊ पळून नसता आला तं अख्खं गाव आलं असतं."

मी फोटोमागचा कागद काढून तिच्या हातात दिला. कोणाची परमिशन मागितली नाही. ती शिकलेली आहे. तिने तो वाचला, पुन्हा वाचला. मी बाकीचंही सांगितलं, कोणासाठी लपवलं ते. गोड करून सांगितलं नाही. मला ते येत नाही.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती कागद घेऊन फाटकाकडे गेली, नवऱ्याच्या हातात दिला आणि तो वाचून होईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली. घराण्यातलं वेड म्हणून त्याने तिला तिथेच सोडून दिली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तो काय बोलला ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग त्याने गाडी बंद केली, कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली आणि आत येऊन पेटी उचलली.

नेण्याआधी बहिणीने ती खड्ड्याच्या काठावर ठेवून उघडली. सगळ्या वह्या चाररेघी, कडेला कडा लावून ठेवलेल्या. सगळ्यांत वरच्या वहीचं शेवटचं पान बहिणीने मला वाचून दाखवलं, त्याच्यासारखंच आवाज न बदलता. शिपाई भिंतीबाहेरच मरतो. दार कोणी उघडत नाही. पोरगी टोपलं घेऊन घरी येते. मग ती मोठी होते, म्हातारी होते, अंगणात शेंगा सोलत बसते आणि येणाऱ्या प्रत्येकावर ओरडून मग त्याला पाणी देते.

"ही म्हातारी कोण, मावशी?"

"पिऊन घे," मी म्हटलं, कारण तिचा पाण्याचा पेला तसाच होता.

शिपाई मेला. पोरगी जगली. तिला आता सत्याहत्तर पूर्ण होतील.