गर्दी नसेल तेव्हा नाशिकला

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर ते खोटं होईल. विश्वास होता, बोलणं बंद होतं. घरात भांडण झालं की दोन माणसं एकाच छपराखाली राहतात आणि ताट वाढण्यापुरती एकमेकांकडे बघतात, तसं रामाचं आणि माझं चाललं होतं. संध्याकाळी दिवा लावायचे, पण हात जोडायचे नाही. आमचा राजू गेला तेव्हापासूनचं हे. दुचाकीवरून घरी येताना त्याला ट्रकनं उडवलं. एकुलता एक होता. ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. चष्मा कुठं ठेवला, आपण जेवलो की नाही, असलं काही. राजूला अग्नी पुतण्यानं दिला, दिवसही त्यानंच केले. हे अंगणात खुर्चीवर बसून भेटायला आलेल्यांना 'चहा घेऊन जा हं' म्हणत होते.

मग विसरणं वाढतच गेलं. मिरजेतलं आमचं घर त्यांना परकं वाटायला लागलं, मग माझं नाव गेलं, आणि एक दिवस त्यांनी मला 'अहो बाई' अशी हाक मारली. तेही मी गिळलं. एक गोष्ट मात्र ते विसरेनात. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की विचारायचे, "राजू आला का? नाशिकला जायचंय ना आपल्याला?" सुरुवातीला मी खरं सांगायची. पण दर वेळी त्यांच्यापुरता तो नव्यानं जायचा. छाती पिटून रडायचे, आणि तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. शेवटी मी 'येईल हं' म्हणायला शिकले. गेलेल्या पोराबद्दल 'येईल' म्हणायचं आणि कणीक मळायला घ्यायची. कुणाला सांगणार हे? एकदा सांगितलं तर जाऊबाई म्हणाल्या, "देव परीक्षा बघतो गं." मी म्हटलं, "मग नापास कर म्हणावं एकदाचं, आणि सोड."

नाशिक हा राजूचा शब्द होता. त्याला गर्दीचा भारी तिटकारा. "बाबा, तुम्हाला गोदावरी दाखवतो, काळारामाचं दर्शन घडवतो, पण गर्दी नसेल तेव्हा." आता ती नसते कधी? श्रावणात नको, त्र्यंबकला पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यातले शनिवार-रविवार नकोत, धबधबे बघायला मुंबईची माणसं उतरतात. थंडीत द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडणाऱ्यांनी लॉज भरलेले. चैत्रात रामाचा रथ. दिवाळीच्या सुट्टीचं तर नावच काढायला नको. असा एकेक महिना खोडता खोडता वर्षं गेली आणि तोच गेला.

गेल्या वर्षी मी ठरवलं, आपणच न्यायचं. ह्यांचे पाय चालतायत तोवर. काय सांगावं, नाशिक बघितल्यावर तरी तो प्रश्न थांबेल. पण गर्दीची भीती मला राजूपेक्षा जास्त होती. गर्दीत हे बावरायचे, हात सोडवून कुठंही निघायचे. मग मी डोकं चालवलं. गणपती उठल्यावर आणि नवरात्र बसण्याआधी पितृपक्ष असतो. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही, सहलीला कोण निघणार? जाऊबाई म्हणाल्याच, "ह्या दिवसांत कुणी घर सोडतं का?" मी म्हटलं, "म्हणून तर." आणखी एक कारण होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. पितृपक्षात घरोघरी गेलेल्यांची पानं वाढली जातात. माझ्या घरात राजूचं पान वाढायचं तर ह्यांच्यासमोर त्याचं नाव कसं घेऊ? म्हणून मला त्या घरातून पळायचंही होतं.

लॉज खरंच रिकामा होता. मॅनेजर हसून म्हणाला, "मावशी, आख्खा मजला तुमचाच." स्वतःच्या अकलेचं मला कौतुक वाटलं. सकाळी रिक्षा करून आम्ही रामकुंडावर गेलो, आणि उतरल्यावर मी कपाळाला हात लावला. पायऱ्या दिसत नव्हत्या इतकी माणसं. डोकी भादरलेली, उघड्या अंगांची, हातात दर्भ घेतलेली. जिथं तिथं गुरुजी आणि त्यांच्यासमोर रांगेनं बसलेली घरंच्या घरं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पितृपक्षात इथं मुंगीला जागा नसते. गावोगावची माणसं येतात आपल्या माणसांना पाणी द्यायला." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही. ज्या दिवसांपासून मी पळाले होते, त्यांच्याच दारात येऊन उभी राहिले होते.

परत फिरायचं ठरवलं. ह्यांना तहान लागली म्हणून पिशवीतली बाटली काढायला त्यांचा हात सोडला. बाटली निघाली तेव्हा शेजारी हे नव्हते.

पुढचं मला नीटसं आठवत नाही. ओरडत पळत होते एवढं आठवतं. ज्याला त्याला विचारत होते, पांढरा सदरा, पांढरी टोपी, उंच आहेत, आणि लोक चहूकडे बोट दाखवायचे, कारण वर काठावर उभे असलेले सगळेच म्हातारे पांढऱ्या सदऱ्यात होते. फुलं विकायला बसलेल्या एका बाईला मी धडकले आणि तिची झेंडूची पाटी लवंडली. माझ्यापेक्षा वयानं मोठी असेल. ती चिडली नाही. "रडू नको बाई. हाय इथंच. गंगेवरून कुठं जातंय माणूस?" म्हणाली. सांडलेली फुलं तशीच टाकून ती उठली आणि माझं मनगट धरून चालायला लागली. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

खाली पाण्याजवळच्या पायरीवर मला सदरा दिसला. नीट घडी घातलेला, वर टोपी. मीच इस्त्री केलेला सदरा, मीच खिशात ठेवलेली माझ्या फोन नंबराची चिठ्ठी. पुढं गढूळ, भरून वाहणारं पाणी. मी तिथंच बसले आणि तो सदरा मांडीवर घेतला. खरं लिहायचं म्हणून लिहिते, क्षणभर मनात आलं की सुटले. हेही सुटले, मीही सुटले. आणि त्या विचाराची इतकी भीती वाटली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रामाशी बोलले. ती प्रार्थना नव्हती. मी म्हटलं, "घे. पोरगं घेतलंस, माणूस घे, मला घे. मला आता धरवत नाही. तूच बघ."

फुलवाल्या आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, ते बसल्यालं कोण हाय?"

चार हातांवर चांदवडकडचं एक कुटुंब तर्पणाला बसलं होतं. भाऊ, चुलते, पुतणे अशी उघड्या पाठींची रांग, आणि शेवटी हे. इतक्या वर्षांची ओळखीची पाठ, पण मला ओळखू आली नव्हती. त्या लोकांना वाटलं असणार गुरुजींच्या ओळखीचे कुणी आजोबा आहेत, आणि गुरुजींना वाटलं त्यांच्यातलेच आहेत. मी उठवायला निघाले तर आजींनी मला दाबून बसवलं. "राहू दे. त्यांचं काम चाललंय."

हे गुरुजींच्या मागोमाग सगळं बिनचूक करत होते. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, पणजोबांचंही घेतलं. माझं नाव विसरलेला माणूस. ओंजळीतून तीळ आणि पाणी अंगठ्याच्या बाजूनं खाली सोडत होते. मग गुरुजी म्हणाले, "आता बायको, मुलगा, भाऊ, मित्र, जे कुणी गेले असतील त्यांची नावं घ्या." रांगेत नावं पुटपुटली गेली. ह्यांनी ओंजळ भरली आणि मोठ्यानं म्हणाले, "राजेंद्र." घरात त्याला कधी राजेंद्र म्हटलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं, "कोण तुमचे?" हे म्हणाले, "मुलगा." आणि पाणी सोडलं.

मी शेजारी जाऊन बसले. ते रडत होते, पण घरी रडायचे तसे नाही. भावाला पाणी देऊन झालेल्या शेजारच्या माणसानं स्वतःच्या पंच्यानं त्यांचे डोळे पुसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शालू, तो येणार नाही गं." मी म्हटलं, "नाही हो." माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा ऐकलं ते शेवटचं. मग आम्ही दोघं त्या गर्दीत बसून पोटभर रडलो. कुणी वळून बघितलं नाही. तिथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलेलं होतं. एकांत शोधत आले होते मी, पण लॉजच्या त्या रिकाम्या मजल्यावर हे रडणं मला झेपलं नसतं.

जाताना आजींची फुलं भरून द्यायला गेले. शेजारणीनं ती आधीच गोळा करून ठेवली होती. मी पाया पडायला वाकले तर आजी मागं सरकल्या. "मी काय केलं? ते बसल्यालेच व्हते." एवढंच म्हणून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. काळारामापुढं त्या दिवशी मी हात जोडले. मागितलं काही नाही.

हे बरे झाले असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी सकाळी तोंड धुऊन झालं आणि त्यांनी विचारलं, "राजू आला का?" 'येईल हं' ओठांवर आलं होतं, ते मी मागं घेतलं. म्हटलं, "तुम्ही त्याला पाणी दिलंत ना, गंगेवर?" ते बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. तीळ चिकटले होते हाताला." आणि चहा प्यायले.

आता रोज असंच होतं. रोज ते विचारतात, रोज मी हेच सांगते, आणि रोज ते हाताकडे बघतात. दुःख कमी झालेलं नाही, पण खोटं बोलणं संपलं. ओळखीचे लोक मला विचारतात, नाशिकला गर्दी नसेल असं कधी जावं? मी म्हणते, ते मला विचारू नका बाबांनो, माझा हिशेब साफ चुकला होता, आणि तो चुकला म्हणून मी रोज संध्याकाळी दिव्यापुढं हात जोडते.