पूजेतला भुंगा

झेंडूच्या उग्र, कडसर गंधात मिसळलेलं ते अखंड गुंजन ऐकून मला आधी वाटलं, हारात भुंगा अडकला असावा. दसऱ्याची सकाळ होती. हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनीतल्या आमच्या मराठी घरात, पाटावर पणज्यांची तलवार, बाबांचा जुना पाना आणि माझा लॅपटॉप, तिन्हींनाही हळदकुंकू लागलेलं. गुंजन येत होतं ते लॅपटॉपमधून. हात लावला तर तवा!

आई गेल्यावर उरलेला तिचा आवाज, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेला, त्या एकाच यंत्रात होता. कॅसेटी बुरशीने खाल्ल्या, आणि दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहूनच गेली. पूजेआधी ती ध्वनिमुद्रणं क्रमाने लावून ठेवणारा एक प्रोग्राम मी सुरू केला होता. झाकण मिटलं तरी काम थांबू नये, अशी सोयही माझीच. आणि पूजेत मांडलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. बाबांनी तो उभ्या जन्मात मोडला नव्हता. त्यांना कोणत्या तोंडाने विचारावं? चाचरत सांगितलं. त्यांनी देवाला नमस्कार केला, लॅपटॉप स्वतः उचलला आणि माझ्या हाती दिला. “बेटा, पहले इसे देख,” इतकंच म्हणाले. जीव कासावीस झाला की बाबा हिंदीत बोलतात.

उघडून पाहिलं. एकट्या त्या प्रोग्रामने सगळा प्रोसेसर गिळला होता. आईच्या फोल्डरमध्ये, आतल्या कप्प्यातून चटकन मागे येता यावं म्हणून, त्याच फोल्डरकडे परतणारी शॉर्टकटची एक वाट मी ठेवली होती. बिचारा प्रोग्राम आत जाई, ती वाट धरी, पुन्हा दाराशी येई आणि नव्या उमेदीने आत शिरे. आपणही दुःखाभोवती असेच फिरत नाही का? वाटतं, काही शोधतो आहोत. प्रत्यक्षात नुसते तापत असतो. मी प्रोग्राम थांबवला, ती वाट पुसून टाकली. पंख्याची घरघर हळूहळू ओसरली आणि मला हायसं वाटलं.

सगळं शाबूत आहे ना, हे पाहायला एक मुद्रण लावलं. कुठल्याशा दसऱ्याची आरती, आणि मध्येच आईचा तो किंचित त्रासिक स्वर: “अहो, विड्यावर सुपारी ठेवायची राहिली.”

बाबांनी पाटाकडे पाहिलं. झेंडू तसाच दरवळत होता, भुंगा गेला होता, आणि विड्यावर सुपारी खरंच नव्हती.

“ठेवतो,” बाबा मराठीत म्हणाले, आणि डबा आणायला उठले.