एकोणतीस म्हणजे किती

"पोरी बी उभारत्यात व्हय आता गेटवर?"

बँकेत माझ्या मागच्या खुर्चीवरच्या आजोबांनी मामाला विचारलं. मामा मंद्रूपहून मुद्दाम जामीनदार म्हणून आला होता, आणि भाची सिक्युरिटीचं शिकायला पुण्याला चाललीय, हे त्याने आजोबांना नुकतंच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. तो जराही न डगमगता म्हणाला, "उभारत्यात की. पगार लई हाय त्यात."

मागे वळून "आजोबा, सायबर सिक्युरिटी, कॉम्प्युटरची," एवढंच म्हणायचं होतं. वाक्य मी आधी मनात इंग्रजीत केलं, मग मराठीत आणलं, 'कॉम्प्युटर' की 'संगणक' यावर थोडी अडले, आणि तेवढ्यात आजोबा काउंटरकडे निघून गेले. जगात एक माणूस तरी आता मला शिट्टी आणि काठीसकट बघत असणार.

पुण्याच्या खासगी कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स होता. फी, हॉस्टेल धरून अठरा लाख. एवढ्या रकमेला तारण लागतं, म्हणून बाबा जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट ठेवणार होते. त्या फ्लॅटचं कर्ज गेल्याच वर्षी फिटलं होतं आणि आईने बिल्डिंगभर पेढे वाटले होते. सरकारी कॉलेजलाही माझा नंबर लागला होता. फी तिथली किरकोळ, पण बाबांनी ते एका वाक्यात निकालात काढलं होतं, "तिथं नोकऱ्या द्यायला कुठली कंपनी येतीय?"

कंपन्यांचं म्हणाल तर खासगी कॉलेजच्या पुस्तिकेत त्यांची गर्दी होती, आणि एका हसऱ्या मुलाच्या फोटोखाली डोळे फिरतील असं पॅकेज. माझ्या शाळेतली एक सीनिअर तिथूनच बाहेर पडलेली. फोन करायचं धाडस नव्हतं, म्हणून मी तिला मेसेज केला. उत्तर आलं, हातात पस्तीस हजार, तेही नशीब असेल तर. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "सुरुवातीला असंच असतं." अशा वेळी काय बोलायचं ते मला सहसा दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतं.

बँकेत आमचा नंबर आला, तसे बाबा, मामा आणि मी कर्जाच्या साहेबांसमोर जाऊन बसलो. साहेबांनी आकडेमोड केली आणि म्हणाले, "कोर्स संपल्यावर हप्ता साधारण एकोणतीस हजार बसेल."

इथे माझ्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. नर्सरीपासून मी इंग्रजी माध्यमात. मराठी आकड्यात 'एकोण' आलं की माझं डोकं बंद पडतं. पुढचं जे ऐकू येतं त्याला मी नऊ जोडून टाकते. भाजीवाल्या मावशींना अशाने मी कितीदा तरी दहा रुपये जास्त द्यायला निघालेय.

तर एकोणतीस म्हणजे थर्टी-नाईन. पगार पस्तीस, हप्ता थर्टी-नाईन. म्हणजे महिनाभर राबून वर चार हजार मीच भरायचे. मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे मान हलवत होते. मामाही हलवत होता. माझ्यासाठी ही माणसं एवढं सोसायला तयार आहेत हे बघून माझे डोळे भरून आले.

"काय झालं, तायडे?" मामा म्हणाला.

मी पुटपुटले, "थर्टी-नाईन जास्त होतात."

साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मामा एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या काउंटरची रांग वळून बघायला लागली. "आगं, तिसाला एक कमी! दाजी, इंग्लिश शाळेची फी भरून तुमी पोरीला दहा हजारांनी बुडवलं की!"

बाबाही हसले. मीही हसले, कारण मला खरोखरच नोकरी लागायच्या आधी दहा हजारांची पगारवाढ मिळाल्यासारखं वाटत होतं. तो आनंद मोजून एका वजाबाकीपर्यंत टिकला. पस्तीसातून एकोणतीस गेले, राहिले सहा. सहा हा आकडा मला दोन्ही भाषांत कळतो. सहा हजारांत पुण्यात खोली, मेस, बस आणि आजारी न पडणं, असं सगळं बसवायचं. ते नाही बसलं तर हप्ता बाबांनी भरायचा, रिटायर होऊन. तोही नाही जमला तर फ्लॅट बँकेचा.

साहेबांनी कागद बाबांसमोर सरकवला. बाबांनी खिशातलं पेन काढलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "इथंच ना सही?"

"हो, तिथंच. आणि मागच्या पानावर."

माझा हात त्या कागदावर कधी गेला मला कळलं नाही. आवाजही बँकेत शोभणार नाही एवढा मोठा निघाला.

"बाबा, सही करू नका. घर गहाण ठेवायचं नाही. मी सरकारी कॉलेजला जाते, आणि कंपनी तिथं येत नसली तर मी जाते कंपनीकडं."