बाटलीत पाणी घालणारी सुमन

सुमनच्या उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका पडला होता. डॉक्टर म्हणाले, "माताजी, नज़र जा भी सकती है।" डावा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. उजवा गेला की सगळा अंधार, आणि बाईचं पोट साड्यांना फॉल लावण्यावर. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारू लागले. सुमनने मात्र हातातल्या औषधाकडे बघत विचारलं, "डॉक्टरसाहब, इसमें थोड़ा पानी डाल दूँ, तो ज़्यादा दिन चलेगा ना?"

या हिंदी मुलखात, माधवगंज मोहल्ल्यात आमची दारं समोरासमोर. एखादी वस्तू संपली हे सुमनला कधी मान्यच नव्हतं. शाम्पू तळाला गेला, पाणी. क्रीम सुकलं, गुलाबजल. भांड्यांचा साबण तर इतका पातळ की फेस शोधावा लागायचा. "फेकता काय वहिनी? थोडं पाणी घाला, अजून चालतं." केसांच्या तेलातही घातलं असतं, पण तेल वर तरंगतं म्हणून तिचा नाइलाज.

मग लेकीने तिला मोबाइल दिला. त्यात बघून एक दिवस सांगत आली, "वहिनी, या सगळ्या डब्यांत प्रिझर्व्हेटिव्ह असतं. खराब होऊ नये म्हणून घालतात. जहर आहे जहर! पाणी घातलं की ते पातळ होतं. म्हणजे मी बरोबरच करत होते."

"जहर आहे तर लावतेस कशाला?"

"वा! पुतण्याच्या लग्नात काय तशीच जाऊ?"

लेकीची आयलाइनरची बाटली सुकून पडली होती. सुमनने ती नळाखाली धरली, हलवली आणि लग्नाच्या सगळ्या दिवसांत डोळ्यांना लावली. फोटो छान आले. नंतर डोळा लाल झाला, तर म्हणे धूळ गेली. उजेड सोसेना, तरी म्हणे उद्या बघू. मी हाताला धरून ओढत नेलं, वाटभर शिव्या खाल्ल्या.

आता डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं. तिने अभिमानाने सांगितलं, "लाइनर. पर पानी मिलाकर. केमिकल कम करने के लिए।"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, मग समजावलं. काडी डोळ्याला लावून आपण परत बाटलीत बुडवतो, तिथे जंतू वाढू नयेत म्हणून ते प्रिझर्व्हेटिव्ह बेताने घातलेलं असतं. कुणाला त्याने खाज सुटली, तर त्याने ती वस्तू सोडावी. पण पाणी घातलं की त्याचा जोर जातो, आणि नळाच्या पाण्यातून जंतू आत जातात ते वेगळेच.

"म्हणजे मीच पाळले?" सुमन म्हणाली.

"पाळले आणि पाणीही पाजलंस," मी म्हटलं. ती हसली. मग रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

दर तासाला थेंब घालायचे होते. ते मी घातले, बाटली माझ्याच कमरेला खोचली. तिच्यावर माझा विश्वास नव्हता. "एक थेंब कमी घाला ना वहिनी, पुरवून वापरू." "डोळा पुरवून वापर," मी म्हणायचे. हळूहळू ठिपका आकसला. बारीक डाग राहिला.

आता ती शहरातच पलीकडे थाटीपुरला लेकीकडे असते. परवा बाजारात मला ती दिसलीच नाही. तिनेच रस्त्यापलीकडून हाक मारली, "वहिनी, पदर लोळतोय चिखलात!"

सुमनचा डोळा वाचला.