एकमताने लावलेली वांगी

डोंबिवलीतल्या आमच्या आळीला ताजी वांगी मिळावीत म्हणून मी सार्वजनिक लागवड केली, आणि त्या वर्षी आळीतल्या एकाही घरात भरली वांगी झाली नाहीत.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि आम्हा कारकून मंडळींना देशासाठी काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होती (कचेरीच्या वेळा सोडून). मानपाड्याच्या मळ्यांतली हिरवीगार भाजी पहाटेच मुंबईला जायची आणि आमच्या स्टेशनाबाहेर माना टाकलेली मेथी मिळायची. मळे आमच्या शेजारी आणि ताजी भाजी दुसऱ्याच्या ताटात! आमच्या चाळीमागे धर्मा पाटलांचा एक तुकडा मोकळा पडला होता. पाटील म्हणजे इथले मूळचे शेतकरी आणि आमचे घरमालक. ताज्या भाजीवर सर्वांचा हक्क कसा आहे, हे मी त्यांना बराच वेळ समजावून सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि जमीन दिली. अट एकच.

"पिकल ता समद्यांनी खावाचा. झाडाव कुजवलाव, त मी तिथं म्हशी बांदीन."

तो तुकडा आमच्या खिडक्यांना लागून होता. म्हशी आल्या असत्या तर डास, शेण आणि शेजाऱ्यांच्या शिव्या एकदमच घरात आल्या असत्या.

मग आमच्या ओटीवर पुरुषांची सभा भरली. जोशीमास्तरांना अळू हवं होतं. पोस्टातल्या कर्व्यांचा अळूने घसा खाजतो, म्हणून त्यांना भेंडी. भेंडी मास्तरांना बुळबुळीत वाटते. शेवटी कोणीतरी भरल्या वांग्यांचं नाव काढलं आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. हात वर झाले. आमच्या आळीच्या इतिहासातला हा पहिला आणि शेवटचा एकमताने झालेला ठराव.

चहा घेऊन आलेली माझी बायको मालती तेवढ्यात म्हणाली, "अहो, पण ही वांगी धरणार कधी?"

"ती तांत्रिक बाब आहे," मी म्हणालो.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती कपबशा घेऊन आत गेली.

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर लागवड झाली. नारळ मी फोडला. ठराव पुरुषांनी केला होता, पण पुरुष सकाळी कचेरीत जायचे. त्यामुळे भर वैशाखात विहिरीचं पाणी शेंदून मालती घालायची. मी ठाण्याच्या कचेरीतून संध्याकाळी परत आलो की देखरेख करायचो. आपल्या हातच्या वांग्यांना काळा मसाला, दाण्याचं कूट आणि किती गूळ घालायचा, हे ती मला रोज सांगायची. तिच्या माहेरी नेहमी विकतचीच भाजी असायची.

आषाढ लागला, झाडं फुलांनी भरली, आणि एके सकाळी आई देवासमोरून म्हणाली, "परवा कांदेनवमी. मग चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद."

मी दाढी करत होतो. गाल कापला. आमच्या सभेतल्या एकाही पुरुषाला चातुर्मास आठवला नव्हता! पानात पडेल ते निमूट खाणारी माणसं आम्ही. वांगं कधी येतं आणि कधी बंद होतं, हे आम्हाला काय कळणार? मालतीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

कांदेनवमीला सगळी आळी झाडांवर तुटून पडली. सुपारीएवढी वांगी हाताला लागली. ती भरायची कशी, यावरून मास्तर आणि कर्वे यांच्यात वाजलं. ती शेवटी कांद्याच्या थालीपिठात कोणाला न दिसता संपली. आणि एकादशीपासून, पावसाचं पाणी पिऊन, झाडं जी सुटली! मुठीएवढी, ओंजळीएवढी, जांभळी, चकचकीत. खिडकी उघडली की समोर वांगी. मी आईला म्हटलं की घरच्या झाडाला थोडी सूट असेल.

"देवाला सांगायचं होय, झाड कोणाचं ते?" आई म्हणाली.

आळीतल्या प्रत्येकाचं म्हणणं होतं की दुसऱ्या कोणीतरी आधी खाऊन पाहावं. कोणीच खाल्लं नाही आणि वांगी पिवळी पडायला लागली. एका सकाळी धर्मा पाटील बांधावर उभे राहून खुंटा कुठे ठोकायचा ते पाहत होते. मी धोतर खोचलं, टोपली घेतली आणि भर पावसात त्यांच्या गावठाणात घरोघर वांगी वाटत फिरलो. लोकांनी हसत घेतली; तिथे वांग्याला चातुर्मास नव्हता. म्हशी टळल्या. पण दुपारी त्या घरांतून सुकट घातलेल्या वांग्यांचा खमंग वास थेट आमच्या मागच्या दारात आला. मालती तिथे उभी होती.

"पाणी मी घातलं," ती म्हणाली. "माझ्या वाट्याला नुसता वास?"

मला फार वाईट वाटलं. चिडचिडही झाली, ती मात्र तिच्यावरच काढली, कारण वांग्यांवर काढता येत नव्हती. मग मी एक झाड तिच्या नावाने राखलं. कुंपण केलं, किडे वेचले, मास्तरांच्या शेळीला दोनदा हाकललं. कार्तिकी एकादशी सरली आणि मी विजयी मुद्रेने टोपली घेऊन स्वयंपाकघरात शिरलो.

आई म्हणाली, "आपल्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत दाखवल्याखेरीज वांगं चालत नाही. एवढा घोडा झालास, तुला ठाऊक नाही?"

टोपली मुकाट्याने गावठाणात गेली. चंपाषष्ठीला त्या म्हाताऱ्या झाडावर एकच वांगं उरलं होतं, निबर आणि बियांनी गच्च. आईने त्याचंच भरीत केलं. नैवेद्य झाल्यावर मालतीच्या पानात ते चमचाभर पडलं. कडू होतं. तिने ते शेवटच्या बोटापर्यंत चाटून खाल्लं आणि हात धुऊन पंचांग उघडून बसली. त्या पंचांगाचीच मला जास्त धास्ती वाटली.

पुढच्या अक्षय्य तृतीयेआधी आमच्या ओटीवर पुन्हा सभा भरली. या वेळी बायकांची. अध्यक्ष मालती. पंचांग उघडून, महिना धरून, दुधी आणि लाल भोपळा ठरला. मी चहाचं तबक घेऊन उभा होतो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "पण हे धरणार कधी?"

मालतीने चहाचा घोट घेतला.

"ती तांत्रिक बाब आहे," ती म्हणाली, आणि तिने मला पाण्याची घागर कुठे ठेवली आहे ते दाखवलं.